शेजारी कोण असणार?

शाहूपुरीतल्या त्या ऑफिसात एसी इतका गार होता की रुचितानं ओढणी अंगाभोवती घट्ट गुंडाळून घेतली. तिचे वडील बाळासो चौगुले शेजारच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, केव्हाही उठून चालू लागता यावं असे. वर्षाराणी मात्र टेबलावर दोन्ही कोपरं टेकून पुढं झुकली होती. समोरच्या पृथ्वीराजनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला.

रुचिता आणि वर्षाराणी दोघी पेठ वडगावच्या. शाळेपासूनच्या मैत्रिणी, आणि आता कोल्हापुरात एकाच कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, हॉस्टेलवर एकाच खोलीत. यंदा कॉलेजनं पहिल्यांदाच दोन मुलींना चार आठवड्यांसाठी परदेशातल्या हॉस्पिटलात शिकायला पाठवायचं ठरवलं होतं आणि त्यात या दोघींची निवड झाली होती. कुठं जायचं ते मुलींनी ठरवायचं, पण दोघींनी मिळून एकच ठिकाण. बाकीची व्यवस्था पृथ्वीराजची संस्था करणार होती.

"तीन ऑप्शन आहेत बघा," पृथ्वीराज म्हणाला. "इंग्लंड. नाव मोठं, पण तिथं तुम्ही नुसतं मागं उभं राहून बघायचं. श्रीलंका. हॉस्पिटल चांगलं, पण फार कडक लोक. आणि हे टांझानिया." त्यानं एक फोटो मोठा केला. "इथं सगळं स्वतःच्या हातानं करायला मिळतं. डिलिव्हरी, टाके, सगळं. चार आठवड्यांत इथल्या चार वर्षांएवढं शिकून याल."

वर्षाराणीचे डोळे चमकले. रुचितानं ते बघितलं आणि मग फोटो बघितला. हातमोजे घातलेल्या दोन गोऱ्या मुली एका खाटेवर वाकल्या होत्या. खाटेवर एक काळीसावळी बाई होती, तोंड भिंतीकडं फिरवलेली. मागं उघड्या दारातून हॉस्पिटलची अर्धी पाटी दिसत होती. रुचिता फोटोत आणखी कुणीतरी शोधत राहिली, वयानं मोठं, शिकवणारं. तसं कुणी नव्हतं.

"पावणं," बाळासो म्हणाले, "हे हॉस्पिटल तुमी सोता बघितलंय?"

"काका, आमचे पार्टनर आहेत तिथं."

"म्हंजे बघितलं न्हाय."

पृथ्वीराज हसला आणि त्यानं चहा मागवला. बाळासोंनी चहा घेतला नाही.

बाहेर आल्यावर ते गाडीपाशी थांबले. त्यांचं पेठ वडगावात बी-बियाणं आणि खताचं दुकान होतं. "माझ्याकडं कंपनीची पोरं येत्यात," ते म्हणाले. "पिशवीवर मक्याचं कणीस हे एवढं. मी इचारतो, कुठल्या रानात काढलं? तर म्हणत्यात, साहेबांना इचारून सांगतो. पुन्यांदा तोंड दावत न्हाईत. ह्यो बी त्यातलाच वाटतोय मला."

"काका, तुमाला सगळीकडंच काळंबेरं दिसतंय बघा," वर्षाराणी म्हणाली.

"दिसू दे की. न बघता फसण्यापरास बरं."

वर्षाराणीला टांझानिया का हवं होतं ते रुचिताला ठाऊक होतं. दोघी ड्युटीला जायच्या त्या हॉस्पिटलातल्या लेबर रूममध्ये एका बाईभोवती किती गर्दी असायची! डॉक्टर, इंटर्न, त्यांच्या मागं दुसऱ्या कॉलेजच्या मुली, आणि सगळ्यांच्या मागं या दोघी. टाचा उंचावल्या तरी दिसायच्या त्या पाठी. बाळ रडल्याचा आवाज आला की कळायचं, झालं. वर्षाराणी चरफडत बाहेर यायची. "रजिस्टरात आपल्या नावावर बाळंतपणं चढल्यात आणि मी अजून बाळाचं डोस्कं बाहेर येताना बघितलं न्हाय," ती म्हणायची. "उद्या नोकरीला लागल्यावर कुणी बाई अडली तर काय करायचं मी?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच रुचिताला आपली शंका बोलून दाखवणं जड जात होतं. पण शंका जात नव्हती. आपल्याला इथं कुणी पुढं सरकू देत नाही, आणि तिथं अनोळखी देशात, भाषा येत नसताना, सगळं हातात देणार? का बरं देणार?

आठवडा संपायच्या आत ठिकाण कळवायचं होतं. वर्षाराणी त्या दिवसांत फार गोड वागत होती. स्वतःहून रुचिताचा युनिफॉर्म इस्त्रीला टाकत होती, मेसमधून तिच्यासाठी बिनकांद्याची भाजी वेगळी काढून आणत होती. रुचिताला तेही खटकायला लागलं. शेवटी तिनं श्रीलंकेची आणखी माहिती विचारायला पृथ्वीराजला फोन लावला.

"श्रीलंका कशाला मॅडम?" तो म्हणाला. "तुमचं दोघींचं टांझानिया कन्फर्म आहे की. वर्षाराणी मॅडमनी परवाच कळवलं."

रुचिता फोन हातात धरून जिन्यावरच बसली. वर्षाराणी खोलीत केस विंचरत होती.

"माझं नाव तू दिलंस?" रुचितानं दारातूनच विचारलं.

वर्षाराणीचा हात थांबला. "दिलं."

"मला न विचारता?"

"इचारलं असतं तर तू तुझ्या अप्पांना इचारलं असतंस. अप्पा म्हणले असते, थांबा, बघू, चौकशी करू. तोवर जागा गेली असती. तुमच्या घरात सगळी संशयीच की गं."

"आणि तुझ्या घरात?"

"आमच्या घरात माणसावर इश्वास टाकत्यात."

त्या दिवसापासून दोघी एका खोलीत राहून परक्यासारख्या वागायला लागल्या. वर्षाराणी फोनवर बोलायला गच्चीवर गेली तरी रुचिताला वाटायचं, आता आणखी काय ठरवतेय माझ्या पाठीमागं?

त्याच सुमारास वर्षाराणीच्या धाकट्या वहिनीला दिवस भरल्यावर त्याच हॉस्पिटलात आणलं. वर्षाराणी तिथं शिकते म्हणून तिचा भाऊ सयाजी मुद्दाम कोल्हापूरला घेऊन आला होता. मुलगी झाली. वर्षाराणीची ड्युटी तेव्हा लहान मुलांच्या वॉर्डात होती, ती धावत जाईपर्यंत सगळं उरकलं होतं. हॉस्टेलभर पेढे वाटले गेले. रुचितालाही मिळाला, पण तो दुसऱ्या मुलीच्या हातून.

वहिनी घरी गेली आणि काही दिवसांनी सकाळी सकाळी वर्षाराणी रुचिताच्या पलंगापाशी येऊन उभी राहिली.

"माझ्यासंगं वडगावला येतीस? वहिनीला ताप हाय. आई म्हणती अंगावरच्या दुधाचा ताप असंल. मला तसं वाटंना."

रुचिता उठली. भांडण तिथंच राहिलं.

वहिनी माजघराशेजारच्या खोलीत कुशीवर पडली होती. पोर शेजारी झोपलं होतं. वहिनीला सरळ बसता येत नव्हतं आणि ती ते कुणाला सांगतही नव्हती. दोघींनी दार लावून घेतलं आणि तपासलं. टाके दोन ठिकाणी उसवले होते, बाजूची कातडी लाल होऊन सुजली होती आणि वास येत होता. जे टाके शाबूत होते तेही वाकडेतिकडे, एक अगदी कडेला तर एक भलताच आत.

"वहिनी, टाके कुणी घातलं?" वर्षाराणीनं विचारलं.

"डॉक्टरीणबाईंनी सुरू केलंतं. मग त्यास्नी कुणीतरी हाक मारली, दुसरी बाई अडलीती म्हणं. त्या गेल्या. मग त्या गोऱ्या पोरीनं घातलं."

"कुठल्या गोऱ्या पोरीनं?"

"ती न्हवं का, उंच, पिंगट केसाची. लई येळ लागला तिला. हात कापत हुता तिचा. मी म्हटलं, परदेशातनं आल्याली, मोठी डॉक्टर असंल."

वर्षाराणी मान हलवत राहिली. "तुला भास झाला असंल. कळा दिल्यावर भान असतंय व्हय बाईला?"

"भान हुतं मला," वहिनी म्हणाली. "मी कशाला खोटं बोलू?"

त्या दोघींनी वहिनीला त्याच दिवशी गाडीत घालून परत हॉस्पिटलात आणलं. जखम धुतली, इंजेक्शनं सुरू झाली. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "होतं असं कधीकधी. घरी स्वच्छता नीट नसते." वर्षाराणीची कानशिलं तापली. वहिनीची खोली तिच्या आईनं स्वतः दोन वेळा फिनेलनं पुसलेली होती.

पिंगट केसांची ती मुलगी दोघींना माहीत होती. तिचं नाव हॅना. इंग्लंडहून महिन्याभरासाठी आलेली, मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. सगळ्यांशी हसून बोलायची, नर्सेसकडून मराठी शब्द वहीत उतरवून घ्यायची. रुचिताला ती आवडायची. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलसमोरच्या चहाच्या गाड्यावर ती पोहे खात उभी असलेली दिसली, तेव्हा वर्षाराणी तडक तिकडं चालू लागली. रुचितानं तिचा दंड धरला. "आधी विचारू. भांडायचं नाही."

बोलणं इंग्रजीतून झालं. त्या बाळंतपणाचं नाव काढताच हॅनाचा चेहरा उजळला.

"हो, ते टाके मीच घातले! माझे पहिले टाके."

"पहिले?" रुचितानं विचारलं.

"खऱ्या माणसावर पहिले. आधी केळ्याच्या सालीवर सराव केला होता."

"तुमच्याकडं नाही घालू देत?"

"आमच्याकडं? छे! आमच्याकडं मला अजून कितीतरी वर्षं हात लावू देणार नाहीत. म्हणून तर मी इथं आले. तिथल्या माणसानं सांगितलं होतं, भारतात सगळं स्वतःच्या हातानं करायला मिळतं." ती थांबली. दोघींचे चेहरे बघून तिच्या लक्षात काहीतरी आलं असावं. "डॉक्टर होत्या तिथं. सुरुवातीला होत्या. मग त्या गेल्या आणि मला म्हणाल्या, पुढं चालू ठेव. मी थांबायला हवं होतं का?"

वर्षाराणी एवढंच म्हणाली, "ती माझी वहिनी आहे. तिचे टाके उसवलेत."

हॅनानं पोह्यांची प्लेट गाड्यावर ठेवून दिली. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. वर्षाराणी वळून हॉस्पिटलच्या दाराकडं निघाली. रुचिता क्षणभर तिथंच राहिली. शेवटी तीही गेली.

संध्याकाळी हॅना वॉर्डात आली. वहिनीच्या खाटेपाशी उभी राहून रडत रडत माफी मागू लागली. वहिनी आधी घाबरली, मग वर्षाराणीनं सगळं समजावून सांगितल्यावर बराच वेळ हॅनाकडं बघत राहिली.

"तिला सांग," वहिनी म्हणाली, "मला इचारलं असतंस तर मी व्हय म्हटलं असतं की. तू शिकाय आल्याली, शिकणार कुठं मग? पर इचारायचं. आणि शिकवणारीला जाऊ द्यायचं न्हाय."

वर्षाराणीनं ते इंग्रजीत सांगितलं. शेवटचं वाक्य रुचितानं पुरं केलं.

त्यांनी घोरपडे मॅडमना, म्हणजे त्यांच्या प्रसूतिशास्त्राच्या शिक्षिकेला, सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं, कपाळ चोळलं आणि म्हणाल्या, "मी बघते. तुम्ही वॉर्डात कुणाशी वाद घालू नका." पुढं काय झालं ते कुणी उघड बोललं नाही. हॅनाला लेबर रूममध्ये पुन्हा कुणी पाहिलं नाही, ती महिना संपायच्या आधीच निघून गेली. त्या डॉक्टरीणबाई मात्र वर्षाराणी समोरून आली की मोबाइलमध्ये बघत पुढं जायच्या. वहिनीची जखम भरत आली, पण सावकाश.

एका दुपारी रुचिता खोलीत आली तर वर्षाराणी पलंगावर मांडी घालून फोन बघत बसली होती. पृथ्वीराजनं पाठवलेला तोच फोटो होता. तिनं दोन बोटांनी तो मोठा केला होता. स्क्रीनवर खाटेवरच्या बाईचा फिरवलेला चेहरा तेवढा राहिला होता.

"मी फोन करून न्हाय म्हणून सांगू?" तिनं विचारलं.

"नको," रुचिता म्हणाली. "आधी विचारू. शेजारी कोण असणार ते."

तो प्रश्न घेऊन दोघी पुन्हा शाहूपुरीत गेल्या. पृथ्वीराज घाईत होता.

"लोकल स्टाफ असतो ना मॅडम."

"त्यांचं नाव?"

"नाव म्हणजे... ड्युटी बदलते. एवढं डीप आजवर कुणी विचारलं नाही."

"मग हॉस्पिटलचा नंबर द्या. आम्ही विचारतो."

"तसं चालत नाही. सगळं आमच्या थ्रू. प्रोटोकॉल आहे." तो हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. "तुम्हाला भीती वाटत असेल तर सांगा, दुसऱ्या कॉलेजच्या मुली वेटिंगवर आहेत."

"भीती न्हाय वाटत," वर्षाराणी म्हणाली. "तुमचा भरवसा वाटंना झालाय."

खाली रस्त्यावर आल्यावर रुचितानं फोटोतली अर्धी पाटी पुन्हा बघितली. हॉस्पिटल चालवणाऱ्या चर्चचं नाव आणि गावाच्या नावाची पहिली अक्षरं वाचता येत होती. इंटरनेटवर शोधून हॉस्पिटल सापडायला फार वेळ लागला नाही. तिथं एक फोन नंबर होता, आणि मुख्य नर्स म्हणून सिस्टर नीमा असं नाव. रुचितानं निरोप पाठवला. उत्तर कोरडं आलं: रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल करा, दहा मिनिटं देईन.

रविवारी बाळासोंनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. मागच्या खोलीत खताच्या पोत्यांवर लॅपटॉप ठेवला. ते स्वतः हाताची घडी घालून दाराशी उभे राहिले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण माणूस कसा आहे ते बघायचं होतं.

पडद्यावर पन्नाशीच्या पुढची एक बाई आली. चष्मा कपाळावर, पांढरा गणवेश, मागं कुणीतरी व्हरांडा पुसत होतं. तिनं नमस्कार वगैरे काही केला नाही.

"कुणाच्या मार्फत येताय?"

रुचितानं पृथ्वीराजच्या संस्थेचं नाव सांगितलं.

"त्यांचे विद्यार्थी आम्ही घेत नाही. आमचा फोटो काढून टाका म्हणून मागच्या वर्षीच कळवलंय त्यांना. तुम्ही येणार हे मला कुणी सांगितलेलं नाही."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. "मग आम्हाला कुठं पाठवणार होते?" वर्षाराणीच्या तोंडून निघालं.

"ते मला कसं माहीत असणार?" सिस्टर नीमा म्हणाली.

रुचितानं वडिलांना मराठीत सांगितलं. बाळासोंनी मांडीवर थाप मारली. "म्हटलं न्हवतं मी?" ते म्हणाले, आणि लगेच पोरींचे चेहरे बघून गप्प झाले.

"आता मी विचारते," सिस्टर नीमानं चष्मा डोळ्यांवर ओढला. "तुम्हाला इकडं कशाला यायचंय?"

रुचितानं पाठ केलेलं उत्तर सुरू केलं, जागतिक आरोग्य, वेगळी संस्कृती... सिस्टर नीमानं हात वर केला. "हे सगळे म्हणतात. खरं सांगा."

"बाळंतपण करायला," वर्षाराणी म्हणाली. "इथं आमच्यापुढं खूप माणसं असतात. आम्हाला काही करायला मिळत नाही."

"माझ्याकडं माझ्या स्वतःच्या विद्यार्थिनी आहेत. आजूबाजूच्या गावांतल्याच पोरी. त्यांनाही शिकायचंय. त्यांच्या वाट्याचं बाळंतपण मी तुम्हाला का द्यावं?"

बाळासो दारापासून एक पाऊल पुढं आले.

"काय म्हणत्यात बाई?" बाळासोंनी विचारलं. रुचितानं सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. "बरोबर हाय की त्यांचं," ते म्हणाले.

मग रुचितानं वहिनीचं सगळं सांगितलं, हॅनाचं, टाक्यांचं, डॉक्टर निघून गेल्याचं. वर्षाराणी खाली मान घालून ऐकत होती. "म्हणून आम्हाला एवढंच विचारायचं होतं," रुचिता म्हणाली, "आम्ही आलो तर शेजारी कोण असणार?"

सिस्टर नीमानं चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. मागं पुसणारी बाई बादली उचलून निघून गेली.

"मी असेन. मी नसले तर माझी नर्स. आमच्या मुलींच्या मागं उभं राहायचं, पुढं नाही. आधी स्वाहिलीत बोलायला शिका, थोडं तरी. प्रत्येक बाईला तिच्या भाषेत स्वतः विचारायचं, मी इथं उभी राहू का म्हणून. ती नाही म्हणाली तर बाहेर. मला तुमचा भरवसा नाही अजून. तुमच्या शिक्षिकेला माझ्याशी बोलायला सांगा, मग बघू." आणि तिनं फोन ठेवला.

बाळासोंनी शटर वर ढकललं. उजेड आत आला. "आता ही बाई तरी खरी कशावरनं?" ते म्हणाले. यावर मात्र दोघी हसल्या, पुष्कळ दिवसांनी एकत्र.

घोरपडे मॅडम सिस्टर नीमाशी बोलल्या, एकदा नव्हे तर तीनदा. प्राचार्यांना ते रुचलं नव्हतं. पृथ्वीराजशी कॉलेजचं ठरलेलं मोडायचं कसं, असं ते म्हणत होते. त्याचाही फोन आला, "मॅडम, तुम्ही आम्हाला डावलून डायरेक्ट गेलात, हे बरोबर नाही." पण मॅडमनी प्राचार्यांना एकच सांगितलं, मुलींना नक्की कुठं पाठवणार होते, त्या जागेचं नाव पृथ्वीराजच्या संस्थेकडून लिहून घ्या. नाव आलं नाही. दिवाळी झाल्यावर सिस्टर नीमाचा होकार आला, तोही अटी घालून. तोवर दोघी रोज रात्रीच्या जेवणानंतर मोबाइलवर स्वाहिली ऐकत बसायच्या. वर्षाराणीचे उच्चार ऐकून मेसच्या मावशी म्हणायच्या, "ह्यी कुठली कानडी गं?"

निघायच्या आदल्या दिवशी दोघी वहिनीला भेटायला गेल्या. ती आता हिंडत-फिरत होती, पोर कडेवर होतं. "जपून जावा," ती म्हणाली, आणि डब्यात भरपूर लाडू दिले.

टांझानियात पहिले दोन आठवडे त्यांनी बाळंतपणाला हात लावला नाही. चादरी बदलल्या, नाडी मोजली, तिथल्या मुलींकडून शब्द शिकल्या. त्या मुलींपैकी एक-दोघी सुरुवातीला त्यांच्याशी बोलायच्या नाहीत. आपला वाटा घ्यायला आल्यात असंच त्यांना वाटत असावं. रुचिताला त्यांचा राग आला नाही.

मग एका सकाळी सिस्टर नीमानं वर्षाराणीला आत बोलावलं. खाटेवर एक तरणी बाई होती, कपाळावर घाम. वर्षाराणीनं पाठ केलेलं म्हटलं, मी विद्यार्थिनी आहे, भारतातून आलेय, मी इथं उभी राहू का? त्या बाईनं तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. सिस्टर नीमाला काहीतरी विचारलं. मग मान हलवली. नाही.

वर्षाराणी बाहेर आली. व्हरांड्यात रुचिता गॉजच्या घड्या घालत होती. वर्षाराणीनं तिच्याशेजारी बसून एक घडी हातात घेतली.

"न्हाय म्हणाली," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. तिची मर्जी."

दुपारी दुसरी बाई आली, दोन लेकरांची आई. वर्षाराणीनं पुन्हा विचारलं. ही बाई कळांत होती, तिनं डोळेही उघडले नाहीत. सिस्टर नीमानं वर्षाराणीला थांबवलं आणि कळ ओसरल्यावर पुन्हा विचारायला लावलं. बाईनं डोळे उघडले, तिच्याकडं बघितलं आणि हो म्हणाली.

दार लोटलं गेलं. रुचिता बाहेर बसून राहिली. आतून सिस्टर नीमाचा ठाम आवाज येत होता, मध्येच वर्षाराणीचा मोडका स्वाहिली शब्द, मग पुन्हा नुसता कण्हण्याचा आवाज. बऱ्याच वेळानं बाळ रडलं.

वर्षाराणी बाहेर आली तेव्हा तिचे केस टोपीतून सुटले होते. उजवा हात तिनं डाव्या हातानं धरला होता, बोटांवर लाल वळ होते.

"काय केलंस?" रुचितानं विचारलं.

"काय बी न्हाय," वर्षाराणी म्हणाली. "हात धरलाता तिनं माझा. आणि सगळं बघितलं मी, रुचे. पहिल्यापासनं शेवटपतोर." ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तिला हसावं की रडावं ते कळेना. आतून सिस्टर नीमानं हाक मारली, चादर बदलायची होती. दोघी उठून आत गेल्या.